खलाशी-कुटुंबे, लिव्हरपूलच्या गुलामवाहू जहाजांवरील

अठराव्या शतकात लिव्हरपूल (इंग्लंड) बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठी निघणाऱ्या जहाजांवरील खलाशांच्या मागे राहिलेल्या बायका, मुले व वृद्ध आईवडील.

‘लिव्हरपूल मर्चंट’ हे गुलामवाहू जहाज लिव्हरपूलहून १६९९ मध्ये सुटले. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूल या व्यापाराचे ब्रिटनमधील प्रमुख बंदर झाले. आफ्रिका, वेस्ट इंडीज व परत, अशी त्रिकोणी सफर (पहा : अटलांटिक गुलामव्यापार) साधारण वर्षभर किंवा अधिक चाले. निघताना मिळालेल्या आगाऊ पगाराचा घर चालवण्यास आधार असे. परतण्याची खात्री नसे : गुलामव्यापाराचे विरोधक टॉमस क्लार्कसन यांनी खलाशी-नोंदवह्यांवरून दाखविले, की सुमारे एक पंचमांश खलाशी सफरीत मरत.

१७४७ च्या ब्रिटिश कायद्याने व्यापारी खलाशांच्या पगारातून दरमहा ६ पेन्स कापून जायबंदी खलाशी, विधवा व मुले यांसाठी निधी उभारला. कायद्याच्या शीर्षकात मारले गेलेल्या वा बुडालेल्यांचा उल्लेख आहे. गुलामवाहू जहाजांवर मात्र बळी प्रामुख्याने ताप व आमांशाचे. १७७५ मध्ये लिव्हरपूलमध्ये गुलामवाहू जहाजांवरील मासिक वेतन ३० वरून २० शिलिंगांवर आणताच खलाशांनी दंगल केली व व्यापाऱ्यांच्या एक्स्चेंज इमारतीवर तोफा डागल्या.

साध्या खलाशांच्या घरांतील पत्रे विरळा. गुलामवाहू जहाजाचे कप्तान जॉन न्यूटन (पहा : न्यूटन, जॉन) यांची पत्नी मेरी हिला लिहिलेली पत्रे १७९३ मध्ये प्रसिद्ध झाली, पण ती कप्तानाच्या घरची होत. १८०७ च्या कायद्याने ब्रिटिश गुलामव्यापार बंद झाला (पहा : गुलामगिरी).