पाटी बदला, पण आधी वही काढा

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे ठरले. निर्णय योग्यच आहे. आमच्या पोरांनी पत्त्यासोबत जात का मिरवावी? पण पाटी बदलताना इतिहासही पुसला गेला, तर फायदा कोणाचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात एका आजींनी ओढ्याकाठच्या पट्टीकडे बोट दाखवून आम्हाला सांगितले, "ह्यो आपला हाडोळा." नातवाला हा शब्दच ठाऊक नव्हता. पट्टी आज दुसऱ्याच्या नांगराखाली आहे.

हाडकी-हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन. तिच्या बदल्यात सांगावा पोचवणे, सरकारी कामे करणे, गाव राखणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या माथी मारली गेली. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनीही ही व्यवस्था चालू ठेवली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही गुलामी तोडण्यासाठी. पुढे १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याने वतन संपले. जमिनी किंमत भरून परत मिळण्याची तरतूद झाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या हस्तांतरित करता येणार नाहीत, अशी अट आली. मग इतक्या पट्ट्या आमच्या हातून गेल्या कशा? हा प्रश्न विचारायचा तर आधी हाडोळा कुठे होता, हे माहीत हवे.

इंग्रजांच्या पैमाशीने शेताला सर्व्हे नंबर दिला. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गट नंबर आले. नंबर बदलत गेले, पण लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले. नाव हा मालकीचा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण कोणता जुना फेरफार काढायचा, हे ते नाव सांगते. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. तो कितीदा कोराच असतो!

गंमत पाहा. शिवेचा वाद झाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाचा प्रत्येक दगड, ओढा, बांध ज्याला तोंडपाठ, त्यालाच गावकुसाबाहेर ठेवले! आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले, अशी परंपरा सांगते. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, याचा शोध घेणारा १९४८ चा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखोबांना अर्पण केला. आमची जागा कुठे होती, हा प्रश्न बाबासाहेबांनी इतका मोलाचा मानला. आपण तो गट नंबरावर सोडून द्यायचा का?

काही मित्र म्हणतात, अपमानाची नावे कशाला जपायची? आम्ही ती पाटीवर जपा असे म्हणत नाही. पाटीवर भीमनगरच हवे. पण जुलमाची नोंद पुसून जुलूम पुसला जात नाही. उलट, करणारा सुटतो.

म्हणून प्रत्येक गावात दोन-तीन तरुणांनी एक वही घालावी. हाडोळा कुठे, आपला पाणवठा कोणता, मेलेली जनावरे कुठे टाकत, मरीआई कुठे, येसकर कुठे बसे, हे म्हाताऱ्यांना सोबत घेऊन, चालत जाऊन लिहावे. प्रत्येक नावापुढे आजचा गट नंबर टाकावा. सांगणाऱ्याचे नाव त्याला विचारूनच लिहावे. मग तलाठी आणि तहसील कार्यालयात जुने फेरफार मागावेत.

हे काम उद्यावर टाकू नका. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

जय भीम!