गुलाबी शर्टाच्या आधीची गोष्ट

फेब्रुवारीतल्या शेवटच्या बुधवारी कॅनडातल्या असंख्य शाळा गुलाबी होऊन जातात. मुले, शिक्षक, कधी कधी आमदार-मंत्रीसुद्धा त्या दिवशी गुलाबी शर्ट घालतात. ही प्रथा २००७ सालची. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका शाळेत नववीतला नवा मुलगा गुलाबी शर्ट घालून आला आणि त्याला दमदाटी झाली. बारावीतल्या दोन मुलांना हे सहन झाले नाही. त्यांनी दुकानातून पन्नासेक स्वस्त गुलाबी बनियन आणले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत वाटले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हा दिवस सरकारी पातळीवर जाहीर केला.

युनेस्कोनेही २०१९ मध्ये नोव्हेंबरातला पहिला गुरुवार शाळेतील हिंसा आणि छळाविरुद्धचा दिवस म्हणून ठरवला. पण अशा दिवसांनी नेमके काय साधते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर चाळीसेक वर्षे मागे, नॉर्वेत जावे लागते.

आधी शब्दाची गोष्ट. मराठीत आपण चिडवणे, खोड्या काढणे, टवाळी, दादागिरी असे बरेच काही म्हणतो. पण एकाच मुलाला रोज धरून छळण्यासाठी नेमका शब्द सापडत नाही. स्वीडनमध्येही तो नव्हता. १९६९ मध्ये पीटर-पॉल हाइनेमन या डॉक्टरांनी ‘मॉबिंग’ हा शब्द रूढ केला. तो आला होता पक्ष्यांच्या अभ्यासातून. कावळ्यांचा थवा घुबडावर तुटून पडतो, तसे घोळक्याने एकट्यावर धावून जाणे. शब्द मिळाला आणि इतकी वर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट लोकांना दिसू लागली.

याच सुमारास डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने स्टॉकहोम परिसरातल्या शाळकरी मुलग्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये आले. घोळका ही कल्पना त्यांना अपुरी वाटली. बहुतेक वेळा त्रास देणारे एक-दोघेच असतात आणि बाकीचे बघे, असे त्यांना आढळले. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि सोसणाऱ्याला प्रतिकार करणे जड जाते. दोन तोडीस तोड मुलांची मारामारी या व्याख्येत बसत नाही. चष्मा, जाडेपणा किंवा केसांचा रंग यामुळे मूल छळाचा बळी ठरते, ही समजूतही त्यांच्या पाहणीत टिकली नाही.

हे सारे विद्यापीठापुरतेच राहिले असते. पण १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी जीवन संपवले. सोबत्यांचा छळ हेच त्यामागचे कारण असावे, असे पुढे आले. देश हादरला. १९८३ च्या शरद ऋतूत शिक्षण मंत्रालयाने देशव्यापी मोहीम काढली. सगळ्या शाळांसाठी शिक्षकांची पुस्तिका, पालकांसाठी छोटे पत्रक, एक चित्रफीत आणि मुलांनी नाव न लिहिता भरायची प्रश्नावली तयार झाली. ७१५ शाळांतल्या सुमारे एक लाख तीस हजार मुलांची उत्तरे तपासली गेली. साधारण पंधरा टक्के मुले या प्रकारात गुंतलेली होती. कोणी सोसणारी, कोणी त्रास देणारी. म्हणजे सातांत एक!

खरी शिकवण पुढे आहे. बर्गेन शहरातल्या ४२ शाळांमध्ये ओल्वेउस यांनी सुमारे अडीच हजार मुलांवर अडीच वर्षे लक्ष ठेवले. तिथे साहित्य नुसते कपाटात गेले नाही. वर्गाने आपले नियम ठरवले, वर्गात नियमित बैठका झाल्या, मधल्या सुटीत शिक्षक मैदानावर फिरू लागले, त्रास देणाऱ्या आणि सोसणाऱ्या मुलाशी व दोघांच्या पालकांशी वेगवेगळे बोलणे झाले. छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

रोगालँड जिल्ह्यातही हीच मोहीम पोहोचली होती. पण तिथे शाळांना पुढे फारशी साथ मिळाली नाही. तीन वर्षांनी एर्लिंग रोलांड यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एकंदर चित्र सुधारलेले नव्हते. काही बाबतींत ते थोडे बिघडलेच होते. ज्या शाळांनी काम मनावर घेतले, त्यांची स्थिती मात्र तुलनेने बरी होती. देश एक, मोहीम एक, पुस्तिकाही एकच. फरक पडला तो पुस्तिका मिळाल्यानंतर शाळेने काय केले, यात.

नॉर्वेने हा धडा गिरवायला वेळ घेतला. २००२ मध्ये पंतप्रधानांसह शिक्षक व पालकांच्या संघटनांनी छळाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २०१७ मध्ये तर कायदाच बदलला आणि शाळेवर पाच कामे बंधनकारक झाली : लक्ष ठेवणे, मध्ये पडणे, मुख्याध्यापकांना कळवणे, चौकशी करणे आणि उपाय योजणे.

आपल्याकडे कायदा आला तो कॉलेजच्या दारातून. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. अलीकडे १२ ऑगस्टला रॅगिंगविरोधी दिवस आणि त्याला जोडून सप्ताहही पाळला जातो. शपथ होते, फलक लागतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. यात वाईट काहीच नाही. आपले ऐकणारे कोणी आहे, हे सोसणाऱ्या मुलाला अशा दिवशी कळू शकते आणि तेवढ्याने त्याचे तोंड उघडू शकते.

पण तोंड उघडल्यावर पुढे काय? त्याने सांगितले आणि कोणीच हलले नाही, तर ते मूल पुन्हा सांगणार नाही. बर्गेन आणि रोगालँडमधला फरक इथेच आहे. म्हणून आपल्या मुलांच्या शाळेत असा दिवस साजरा होईल तेव्हा फलक जरूर वाचावेत. पण त्याबरोबर एक साधा प्रश्नही विचारावा : मधल्या सुटीत मैदानावर, जिन्यात आणि स्वच्छतागृहापाशी कोण असते? आणि मुलाने तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कोण बोलते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)