कोणता यांग अस्सल?

यांग परंपरेच्या ताई चीत वाद पेटतो तो बारीकसारीक गोष्टींवरून. ‘एकेरी चाबूक’ या मुद्रेत मागच्या हाताची आकडी किती उंच असावी? पुढचे पाऊल किती वळवावे? अशा वेळी यांग छंगफू (१८८३–१९३६) यांची छायाचित्रे पुढे केली जातात. गुरूंनी केले तेच अस्सल!

पण कोणत्या वर्षीच्या गुरूंनी? काही छायाचित्रे शिष्य छन वेमिंग यांच्या १९२५ च्या पुस्तकातली. पुढची, १९३१ आणि १९३४ च्या पुस्तकांतली. १९३४ च्या प्रस्तावनेत यांग स्वतःच सांगतात की दहाबारा वर्षांपूर्वीच्या आपल्या मुद्रा आताच्या तोडीच्या नाहीत.

ही प्रस्तावना मात्र जपून वाचायला हवी. आजोबा यांग लूछान यांना शिकवताना आपण लहानपणी पाहिले, असे तीत लिहिले आहे. आजोबांचे निधन १८७२ चे, म्हणजे नातवाच्या जन्माआधी अकरा वर्षे! शिवाय मजकुराला जंग मानछिंग या शिष्याचा हात लागलेला. मग मुद्रांबद्दलचे विधान तरी का मानावे? नव्या पुस्तकाला ते सोयीचेच होते. तरीही मी ते मानतो. आजोबांची भेट पडताळायला दुसरे साधन नाही आणि तारखा तिच्या विरोधात जातात. मुद्रांमधला फरक मात्र दोन्ही काळांतली छायाचित्रे शेजारी ठेवली की डोळ्यांनाच दिसतो.

त्याच पुस्तकातला मुद्रावार मजकूर वादाच्या जास्त उपयोगाचा आहे, आणि नेमका तोच कमी वाचला जातो. तिथे जवळपास प्रत्येक मुद्रेत प्रतिस्पर्धी उभा आहे. ‘एकेरी चाबका’त तो पाठीमागून येतो, म्हणून अंग वळवायचे. ‘गुडघा झाडणे’ यात तो डावीकडून खाली हाताने किंवा पायाने मारतो. तो मार बाजूला सारत दुसरा तळवा पुढे जातो. अशा वर्णनात हात चार बोटे वर की खाली, हे मार सरकतो की नाही यावर ठरते. स्थिर छायाचित्रात ना समोरचा माणूस दिसतो, ना भार कोणत्या पायावरून कोणत्या पायावर गेला ते.

यांगचेच शिष्य फू चुंगवन यांच्या १९६३ च्या पुस्तकातली रेखाचित्रे यांगच्या छायाचित्रांवरून काढलेली आहेत. पावलांचे कोन आज त्या रेघांवरूनही मोजले जातात. त्या छापल्या गेल्या तेव्हा यांगना जाऊन २७ वर्षे झाली होती.