चौदावी विधानसभा : मुदत पूर्ण, नेतृत्व अस्थिर

पुणे-सोलापूर महामार्गावरील डाळज हे गाव विधानसभेच्या इंदापूर मतदारसंघात (क्रमांक २००) मोडते. लगतचा २०१ क्रमांकाचा मतदारसंघ बारामतीचा. २१ ऑक्टोबर २०१९ च्या मतदानात इंदापुरातून दत्तात्रय भरणे आणि बारामतीतून अजित पवार हे दोघेही राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे निवडून आले. पाच वर्षांत हे दोघे आधी सत्ताधारी बाकांवर, मग विरोधी बाकांवर आणि पुन्हा सत्ताधारी बाकांवर बसले. मतदारांनी मात्र मत एकदाच दिले होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ नुसार विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे मोजली जाते, सरकारच्या शपथविधीपासून नव्हे. चौदाव्या विधानसभेची पहिली बैठक २७ नोव्हेंबर २०१९ रोजी भरली. २३ नोव्हेंबरला पहाटे शपथ घेतलेले देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचे सरकार आदल्या दिवशीच पायउतार झाले होते. त्या सरकारला सभागृहाचे दर्शनही घडले नाही.

२८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, तर १ डिसेंबरला नाना पटोले अध्यक्षपदी निवडले गेले. पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला आणि त्यानंतर सुमारे सतरा महिने अध्यक्षपद रिक्त राहिले. गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने निवड करण्याचा नियमबदल सरकारने केला; पण राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी निवडणुकीच्या तारखेस मान्यता दिली नाही. कारभार उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसाही त्यांनीच काढल्या, आणि त्यांच्या अधिकारालाच आव्हान दिले गेले. पूर्णवेळ अध्यक्ष नसल्याची किंमत सत्ताधाऱ्यांना तेव्हा कळली.

३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. विरोधी पक्षनेतेपद अजित पवारांकडे आले. २ जुलै २०२३ रोजी तेच उपमुख्यमंत्री झाले आणि ते पद विजय वडेट्टीवार यांच्याकडे गेले.

११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपविला. नार्वेकर यांनी जानेवारी २०२४ मध्ये शिंदे गट आणि फेब्रुवारीत अजित पवार गट हाच मूळ पक्ष ठरवला. दोन्ही प्रकरणांत एकही आमदार अपात्र ठरला नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेची मुदत संपली. त्याआधीच, २० नोव्हेंबरच्या मतदानात, इंदापूर व बारामतीतून तेच दोघे पुन्हा निवडून आले होते.