फसलेल्या किरणाची कुळकथा

केमोथेरपी आणि किरणोपचार घेणाऱ्या कर्करुग्णांच्या तोंडात जे वेदनामय व्रण होतात, त्यांच्यावर आज तांबड्या प्रकाशाचा जो उपचार जगभर मान्य झाला आहे, त्याचे मूळ मुखरोगांच्या अभ्यासात सापडत नाही. ते सापडते कर्करोगाची गाठ लेसरने नष्ट करू पाहणाऱ्या एका न जमलेल्या प्रयोगात.

वैद्यकात या विकाराला ‘ओरल म्यूकोसायटिस’ म्हणतात; व्यवहारातल्या ‘तोंड येण्या’चेच ते अत्यंत उग्र रूप होय. तोंडाचे आतील नाजूक अस्तर सतत झिजते आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत नव्या पेशींनी भरून निघते. परंतु वेगाने विभागणाऱ्या पेशी मारणाऱ्या औषधांना गाठीतील पेशी आणि या अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी यांत भेद करता येत नसल्यामुळे झीज चालू राहते आणि भरपाई मात्र थांबते. केमोनंतर हे व्रण बहुधा आठवडा-दहा दिवसांत दिसू लागतात, तर सहा-सात आठवडे चालणाऱ्या किरणोपचारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आधी लाली, मग पांढरट चट्टे आणि शेवटी उघडे व्रण असा क्रम दिसतो. व्रण वाढले की साधी मऊ खिचडीही झोंबते, पाण्याचा घोट गिळवत नाही, नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते आणि कधी मूळ उपचारच थांबवावा लागतो, हे सर्वांत वाईट. कारण त्या खंडात गाठीला उसंत मिळते. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांमुळे गाल, जीभ व जबड्याच्या कर्करोगाचे रुग्ण महाराष्ट्रात फार मोठ्या संख्येने आढळतात, आणि त्यांच्या बाबतीत किरणांचा मारा नेमका तोंडावरच होत असल्याने यातून जवळजवळ कोणीच सुटत नाही.

प्रकाशाने रोग बरा करण्याची आधुनिक परंपरा डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनपर्यंत मागे नेता येते. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केल्याबद्दल त्याला 1903चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते नाते दूरचे आहे. या उपचाराची सख्खी वंशावळ 1960मध्ये सुरू होते. त्या वर्षी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर, म्हणजे एकाच तरंगलांबीच्या लहरी एका तालात नेणारा झोत, निर्माण केला आणि थोड्याच वर्षांत शल्यवैद्यांना त्यात गाठी जाळण्याचे शस्त्र दिसू लागले. बोस्टनच्या पॉल मॅकगफ यांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या गाठी अशा लेसरने नष्ट झाल्याचे प्रसिद्ध केले होते. बुडापेस्टमधील शल्यवैद्य एंद्रे मेस्टर यांनी तोच प्रयोग करून पाहिला, परंतु त्यांचा लेसर बराच क्षीण होता आणि गाठीवर त्याचा परिणाम झाला नाही. मात्र ज्या जागेचे केस काढून प्रकाश टाकला होता तेथे केस लवकर उगवले आणि जखमाही लवकर भरल्या, असे या प्रकाशोपचाराच्या इतिहासात सांगितले जाते. लेसरमुळेच कर्करोग होतो की काय हे तपासण्यासाठी उंदरांवर प्रयोग चालला होता, असेही दुसरे कथन आहे. दोन्ही हेतू एकाच वेळी असण्यास अडचण नाही. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात मेस्टर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे वर्षानुवर्षे न भरणाऱ्या पायांवरील व्रणांसाठी हाच मंद प्रकाश वापरला. यंत्र कमी पडले म्हणून प्रयोग टाकून देणे अगदी स्वाभाविक ठरले असते. मेस्टर यांचे श्रेय ते न करण्यात आहे.

तरीही मुख्य प्रवाहातील वैद्यक दीर्घकाळ या उपचाराकडे संशयाने पाहत राहिले, आणि तो संशय सर्वस्वी अन्याय्य होता असे म्हणता येत नाही. ज्या प्रकाशाने ऊतक तापतही नाही त्याने जखम कशी भरावी, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा नव्हते; शिवाय मात्रा थोडी असता लाभ, फार वाढवली असता लाभ नाहीसा, असे त्याचे विचित्र वर्तन असल्यामुळे दोन ठिकाणचे निष्कर्ष जुळत नसत. पुढे रशियातील तीना कारू यांनी पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रातले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातले, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तांबडा प्रकाश शोषून घेते असे प्रतिपादन केले, तेव्हा या दाव्यांना काहीसा शास्त्रीय आधार मिळाला.

मुखव्रणांकडे हा प्रकाश फ्रान्समधील नीस शहरातून आला. तेथील कर्करोगतज्ज्ञांनी 1992मध्ये केमोथेरपीच्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि 1999मध्ये रेने-जाँ बेन्सादून व सहकाऱ्यांनी किरणोपचार घेणाऱ्या 30 रुग्णांवर हेलियम-निऑन लेसरची यादृच्छिक चाचणी मांडली. यादृच्छिक म्हणजे कोणाला खरा उपचार आणि कोणाला नकली हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेली. याच सुमारास अमेरिकेतून बर्फाचा उपचार पुढे आला होता, आणि त्याची वंशावळ अगदी आखूड आहे: फ्लुओरोयुरॅसिल हे औषध रक्तात फार थोडा वेळ टिकते, म्हणून ते देण्याच्या पाच मिनिटे आधीपासून अर्धा तास बर्फ चघळला तर तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचते, हे 1991मध्ये दाखवून दिले गेले. एवढा स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय अजूनही सर्वत्र का दिला जात नाही, याचे समर्थन करणे कठीण आहे. मात्र आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या किरणोपचारात बर्फाचा तसा उपयोग नाही. तेथे लेसरची गरज उरते.

भारतात या बाबतीत मणिपाल येथील काम उल्लेखनीय ठरले. तेथे 221 रुग्णांवर, केमो आणि किरणोपचार एकत्र चालू असताना झालेल्या व 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र व्रणांचे आणि वेदनांचे प्रमाण लेसर मिळालेल्या गटात कमी आढळले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या 2014च्या मार्गदर्शक तत्त्वांत अस्थिमज्जारोपणाच्या रुग्णांसाठी या उपचाराची ठाम शिफारस होती, आणि डोके-मानेच्या किरणोपचारासाठी, तोही केमोविना असेल तर, केवळ सौम्य सूचना होती. पुढील आवृत्तीत केमोसह किरणोपचार घेणारे रुग्णही शिफारशीच्या कक्षेत आले.

जो प्रकाश निरोगी पेशींना उभारी देतो तो उरल्यासुरल्या कर्कपेशींनाही पोसणार नाही ना, ही शंका मेस्टर यांच्या उंदरांइतकीच जुनी आहे. रिओ दी जानेरो येथे झालेल्या अशाच एका चाचणीतील रुग्णांचा पुढे दीर्घकाळ पाठपुरावा केला असता लेसर घेतलेल्यांचे आयुर्मान कमी झालेले आढळले नाही; तथापि प्रत्यक्ष गाठीवर थेट झोत टाकू नये, ही सावधगिरी अनेक चिकित्सक पाळतात. प्रसाराला खरा अडथळा मात्र या भीतीचा नसून श्रमाचा आहे. गाल, ओठ, जिभेच्या कडा आणि टाळूचा मऊ भाग यांवरील ठरावीक बिंदूंवर प्रशिक्षित माणसाने रोज, ठरलेल्या सेकंदांइतकाच, प्रकाशाचा दांडा धरावा लागतो, तेही किरणोपचाराच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे तोंड अजून आलेले नसताना. आणि जेथे किरणोपचाराच्या एका यंत्रावर दिवसभर रुग्णांची रांग लागलेली असते, अशा रुग्णालयात हा वेळ आणि हे मनुष्यबळ सहजासहजी निघत नाही. म्हणूनच आता गालाबाहेरून एकाच वेळी मोठ्या भागावर प्रकाश टाकणाऱ्या एलईडी उपकरणांच्या चाचण्या चालू आहेत, आणि त्यांत आतील अस्तरापर्यंत पुरेशी मात्रा पोचते की नाही, हाच मुख्य प्रश्न आहे.