पाव मैलाचा परवाना

चाकण म्हटले की मराठी वाचकाला संग्रामदुर्ग आठवावयाचा. १६६० साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला, ही हकीकत आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. आज त्या कोटाचे थोडेसे अवशेष उरले आहेत आणि भोवतालच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे आहेत. परंतु आज मला लढाईचा इतिहास सांगावयाचा नाही. सांगावयाचा आहे तो एका शर्यतीचा. आणि शर्यतीपेक्षाही तिच्या परवान्याचा. ह्या शर्यतीला वळण नाही, फेरी नाही. दोन गाड्यांनी शेजारी शेजारी उभे राहावे, खूण होताच सुटावे आणि सरळ रेषेत पाव मैल तोडावा. पापणी चारदा लवते न लवते तो सारे संपलेलेही असते. तिला ड्रॅग रेस म्हणतात.

हा विषय माझ्या घरात आला तो भाच्यामुळे. तो चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. एके दिवशी मला म्हणाला, "मामा, मला ड्रॅग रेसचा परवाना काढायचाय. आईला तुम्हीच समजवा." माझी बहीण मोशीला राहते. रात्री अपरात्री हमरस्त्यावर मोटारसायकली पिटाळणारी पोरे तिने खिडकीतून पाहिली आहेत. ती म्हणाली, "दादा, गाडी चालवायचा परवाना आहे की त्याच्याकडे! मग हा आणखी कसला? मरायचा?" प्रश्न बोचरा होता, पण गैर नव्हता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

आमच्या ह्या टापूला सरळ रेषेतली शर्यत नवी नाही. खेड, मावळ, हवेली, आंबेगाव, जुन्नर ह्या तालुक्यांत गावच्या यात्रेला बैलगाडे पळतात. सातारा-सांगलीकडे मोकळ्या रानात अनेक गाड्या एकदम सोडतात. विदर्भात शंकरपट भरतो. आमच्याकडची रीत निराळी. येथे चढणीचा एक सरळ पट्टा असतो, त्याला घाट म्हणावयाचे. एका वेळी एकच गाडा सुटावयाचा. गाड्याला चार बैल आणि त्यांच्यापुढे घोडीवर एक स्वार. प्रत्येक गाड्याची एक बारी. स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नाही, घड्याळाशी! सेकंद आणि सेकंदाचे भाग मोजून निकाल लागतो आणि ज्याची वेळ सर्वांत कमी तो 'घाटाचा राजा'. निमगावच्या खंडोबाच्या यात्रेला ज्याने गाड्यांच्या बाऱ्या पाहिल्या असतील, त्याला ड्रॅग रेस समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

गंमत पाहा, ज्या पाव मैलावर ही अमेरिकी शर्यत उभी आहे, त्या अंतरातही बैलच दडलेला आहे. पाव मैल म्हणजे १३२० फूट, म्हणजेच दोन फर्लांग. फर्लांग हा शब्द आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी सर्रास होता. मुळात तो इंग्रजी शेतातल्या तासाचा शब्द. बैलांची जोडी न थांबता जेवढी लांब तास ओढू शके, ते अंतर म्हणजे एक फर्लांग. पुढे अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी पाव मैलावर घोडे पळविले. त्या घोड्यांच्या जातीला आजही 'क्वार्टर हॉर्स' म्हणतात. बैलाचे तास, घोड्याची धाव आणि शेवटी मोटार, असा हा वारसा आहे.

आता आमच्या माळावर मोटार कशी आली, ते थोडक्यात सांगतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या, पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा कारखाना आला. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९९९ साली बजाजने चाकणला कारखाना काढला. २००९ साली तेथे फोक्सवॅगन आली. ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शर्यतीचे बैल होते, त्याचा मुलगा यंत्रावर उभा राहिला आणि नातू मोटारसायकलीवर बसला. वेगाची हौस मात्र पिढीजात. ती जमिनीबरोबर विकली गेली नाही. ती रस्त्यावर आली, एवढेच.

नेमके हेच दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅलिफोर्नियात झाले होते. जुन्या मोटारी घ्यावयाच्या, त्यांची इंजिने खोलून जोरकस करावयाची आणि वाळलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवावयाच्या, असा तेथील तरुणांचा नाद होता. तळे दूर पडे. तेव्हा शहरातले रस्ते जवळ केले गेले. अपघात झाले, माणसे दगावली, पोलीस आणि वर्तमानपत्रे खवळली. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या एका पट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. दुसऱ्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स नावाच्या संपादकाने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढली. पोरांना दटावून घरी बसविणे हा तिचा हेतू नव्हता. रस्त्यावरची शर्यत नियमांच्या कुंपणात आणून सोडणे हा होता. १९५४ पासून तिची माणसे गाडीत सामान भरून गावोगाव हिंडली आणि सुरक्षित शर्यत कशी भरवावी, हे शिकवीत फिरली. १९६३ साली झेंडा दाखविणाऱ्या माणसाच्या जागी दिव्यांचा खांब आला. त्याला तिकडे 'नाताळचे झाड' म्हणतात. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी जो सुटला, त्याच्या बाजूला तांबडा दिवा लागतो आणि तो बाद! घाई करणाराला येथे पहिली शिक्षा आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

आता परवान्याकडे येऊ. ह्या अमेरिकी संस्थेच्या शर्यतीत जी गाडी सर्वसाधारणपणे १० सेकंदांच्या आत पाव मैल कापते, तिच्या चालकाला वेगळा स्पर्धा-परवाना लागतो. तो कसा मिळतो? आधी वैद्यकाची तपासणी. नंतर चालकाला उभ्या गाडीत पट्टे आवळून बसवितात आणि त्याचे डोळे बांधतात! परीक्षक एकेका कळीचे नाव घेतो आणि चालकाने चाचपडल्याविना तिच्यावर हात ठेवावयाचा: इंधन तोडण्याची कळ, आग विझविण्याची कळ, हवाई छत्री सोडण्याची कळ. कारण उघड आहे. इंजिन फुटले, धूर कोंडला, तर डोळ्यांचा उपयोग नाही. हातालाच आठवले पाहिजे. त्यानंतर धावा. पण पहिल्याच धावेला कोणी पूर्ण पाव मैल पळवू देत नाही. आधी थोडेसे अंतर जाऊन गाडी सोडून द्यावयाची, मग अर्धा पट्टा, मग पुरा. आधीच परवाना मिळविलेले चालक हे सारे पाहतात आणि त्यांच्या सह्या झाल्या, तरच कागद पुढे सरकतो.

वाचकहो, ह्या साऱ्या परीक्षेत 'तू किती वेगाने जातोस?' हा प्रश्न फार उशिरा येतो. आधीचे सारे प्रश्न थांबण्याविषयीचे आहेत. आणि ते उगाच नाहीत. ह्या खेळातल्या सर्वांत वरच्या वर्गाच्या गाड्या ताशी ५३० किलोमीटरच्याही पुढे जातात. २००८ साली स्कॉट कॅलिटा हा नामांकित चालक अशाच एका धावेत मरण पावला. इंजिन फुटले आणि गाडी पट्ट्याच्या शेवटापर्यंत थांबू शकली नाही. त्यानंतर संस्थेने वरच्या वर्गांचे अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले. पिढ्यान्पिढ्यांचा पाव मैल एका मृत्यूनंतर त्यांनी तोडला. हौसेपेक्षा माणूस मोठा मानला, असे मी ह्याला म्हणतो.

आपल्या देशात मोटार-शर्यतींचा कारभार 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया' ही संस्था पाहते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरणाऱ्याने तिचा परवाना घ्यावयाचा आणि प्रकृती ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला द्यावयाचा, हा शिरस्ता आहे. आपल्याकडेही शर्यतींना आसरा दिला तो विमानांच्या पट्ट्यांनीच. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकाळच्या धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती होत. अलीकडे आपल्या लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. भाच्याचे डोळे तिकडे लागलेले.

त्याची तयारी मी डोळ्यांनी पाहिली. गेल्या दिवाळीच्या माळेतले पिवळे आणि हिरवे दिवे काढून त्याने एका फळीवर बसविले. धाकटी बहीण बटण दाबी. हा खुर्चीवर बसून मुठीत जुना क्लच-दांडा धरी. हिरवा लागताच दांडा सोडावयाचा. आधी सुटला की ती "बाद!" म्हणून ओरडे आणि सारे घर हसे. पहाटे व्यायाम, संध्याकाळी गाडीची तपासणी: साखळी, ब्रेक, टायरमधली हवा, कोठे तेल गळते का. अंगभर चामडी पोशाख आणि बंद शिरस्त्राण ह्यांसाठी त्याने दोन वर्षांचा बोनस बाजूला ठेवला. पण सर्वांत मोठी अट त्याने स्वतःच घातली: रस्त्यावर एकही धाव नाही. मित्रांनी चिडविले, "भ्यायलास का?" तो म्हणाला, "हो." हे ऐकून माझी बहीण प्रथमच गप्प बसली.

कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ अन्वये राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडाने हौस मरत नाही, ती अंधारात जाते. तिला उजेडात आणावयाचे तर जागा आणि परवाना, दोन्ही द्यावे लागतात.

ह्याचे उदाहरण पाहण्यास अमेरिकेस जावयाचे कारण नाही. ते आमच्या घाटातच आहे. बैलांना टोचतात, शेपट्या पिरगाळतात, मारतात, अशा तक्रारी प्राणिमित्रांनी केल्या. २०११ साली केंद्र सरकारने बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. गाडामालक हळहळले. काहींनी बैल विकले, काहींनी पोरासारखे सांभाळले. २०१७ साली राज्याने नवा कायदा केला. तरी १६ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, तेव्हा न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलाला पशुवैद्याचा दाखला हवा, अंतराला मर्यादा, काठी-चाबकाला बंदी. २०२२ साली चिखलीला बैलगाड्यांची मोठी शर्यत झाली, तेव्हा बक्षिसांत जेसीबी होता, मोटार होती, दुचाक्या होत्या. माळावरच्या कारखान्यांच्या ह्या युगात जणू यंत्रेच बैलांच्या पायांशी आली!

ह्या नियमांनी सारी क्रूरता संपली असे मी म्हणणार नाही. नियम लिहिणे वेगळे आणि पाळणे वेगळे. प्राणिमित्रांचा डोळा त्यावर असलाच पाहिजे. परंतु एक गोष्ट खरी की, जो बैल बोलू शकत नाही त्याच्या वतीने आता एक वैद्य कागदावर सही करतो. आमच्या घाटाला हे शिकावयास कोर्टाची सात वर्षे लागली.

बहिणीला मी अखेर एवढेच सांगितले की, गाडी चालविण्याचा परवाना म्हणजे इतरांत मिसळून जाण्याची मुभा. आणि हा दुसरा परवाना म्हणजे इतरांपासून दूर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी धावण्याचे वचन. तिने मान डोलाविली नाही, पण वैद्याच्या दाखल्यासाठी स्वतः त्याच्याबरोबर गेली.

खरी अडचण पुढेच आहे. ज्या पट्ट्यात लाखो इंजिने जन्मतात, तेथल्या पोराला ती सुरक्षितपणे पळवून पाहावयाची तर लोणावळ्याच्या पलीकडे किंवा मद्रासेकडे पाहावे लागते. बैलांसाठी गावोगाव घाट आहेत; यंत्रासाठी दोन फर्लांग सरळ जमीन आणि तिच्यापुढे थांबावयास तेवढीच मोकळी जागा, एवढे तरी ह्या माळावर मिळावयास हरकत नसावी. कारखानदार, महापालिका आणि जिल्हाधिकारी एका मेजाभोवती बसले, तर ते अवघड नाही. नाहीतर पोरे रात्रीची नाशिक रस्त्यावर जातीलच, तेथे ना दिव्यांचा खांब, ना वैद्य, ना कोणी "बाद!" म्हणून ओरडणारे.