इक्को-इक्की: ज्यांना शोगुन व्हायचंच नव्हतं

हेडफोन लावलेत ना? आज गेमिंगवाले आणि इतिहासवाले, दोघांनाही एकाच बाकावर बसवायचं आहे. एका गेमपासून सुरुवात करू आणि एका फुटक्या कौलापाशी थांबू.

'टोटल वॉर: शोगुन २' हा गेम २०११ साली आला. काळ सेनगोकूचा, म्हणजे साधारण १४६७ पासून पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं. त्या काळात जपानमधला जवळजवळ प्रत्येक सरदार शेजाऱ्याच्या मुलखावर टपलेला होता. अशा सरदाराला म्हणायचं दाइम्यो. गेममध्ये तुम्ही एक घराणं निवडता, एकेक प्रांत घेत क्योतोपर्यंत पोचता आणि शोगुन होता. खेळ संपला.

या घराण्यांच्या यादीत नंतर एक वेगळंच नाव जोडलं गेलं: इक्को-इक्की. सुरुवात कागा प्रांतातून. बाकीच्यांकडे चकाचक सामुराई, यांच्याकडे मालक नसलेले रोनिन, भिक्षू आणि शेतकरी. खासियत काय, तर दुसऱ्याच्या प्रांतात बंड पेटवणं. मी या बाजूनं खूप खेळलोय, मजा येते. पण खेळताना एक गोष्ट खटकत राहते. गेमच्या चौकटीत प्रत्येक बाजूला एक दाइम्यो लागतोच, म्हणून यांनाही एक दिलाय. आणि जिंकायचं म्हणजे क्योतो घेऊन शोगुन व्हायचं, तेही यांच्या माथी मारलंय.

खऱ्या इक्को-इक्कींना शोगुन व्हायचंच नव्हतं. मग त्यांना हवं तरी काय होतं? आजचा भाग त्याबद्दल.

नावात काय आहे

आधी नाव फोडून बघू. 'इक्की' म्हणजे एकच माप, एकच मार्ग. एका हेतूसाठी शपथ घेऊन एकत्र आलेली माणसं. त्या काळात अशा इक्की सगळीकडे व्हायच्या. शेतकरी करायचे, छोटे जमीनदार करायचे. शपथ लिहायची, सह्या करायच्या, तो कागद जाळायचा, राख पाण्यात कालवायची आणि सगळ्यांनी ते पाणी प्यायचं. त्यानंतर मागे फिरणं नाही. पुढे 'इक्की' या शब्दाचा अर्थच 'बंड' असा झाला. पण मुळात तो शब्द एकजुटीचा.

आणि 'इक्को' म्हणजे एकाच दिशेनं, एकचित्तानं. हे नाव लोकांनी दिलेलं. पंथाचं खरं नाव जोदो शिनशू. त्याचा संस्थापक शिन्रान, ११७३ ते १२६३. त्याची शिकवण अगदी थोडक्यात सांगायची तर अशी: अमिदा बुद्धावर मनापासून श्रद्धा ठेवा, त्याचं नाव घ्या, बस. मठ नको, कठोर व्रतं नकोत, ब्रह्मचर्यसुद्धा नको. शिन्राननं स्वतः लग्न केलं होतं.

नाव कसं घ्यायचं, तर 'नामू अमिदा बुत्सू'. पुन्हा एकदा कान देऊन ऐका. 'नामू' म्हणजे आपलं 'नमो'. 'अमिदा' म्हणजे अमिताभ. संस्कृत शब्द चीनमधून फिरत फिरत जपानी शेतकऱ्याच्या तोंडी पोचले आणि तिथलेच होऊन गेले.

आता विचार करा. चिखलात भात लावणारा माणूस, मासे मारणारा कोळी, म्हणजे जीवहत्या रोजचीच. इतर मोठे पंथ त्याला म्हणत होते की तुझी पायरी खालची. आणि हा पंथ म्हणत होता की बुद्धाच्या दारात तू आणि तुझा जमीनदार सारखेच. हे ऐकून माणूस ताठ उभा राहणारच ना?

पंधराव्या शतकातल्या व्हॉइस नोट

पंथ जुना होता, पण बराच काळ तो गरीबच होता. त्याला मोठं केलं रेन्न्योनं. होंगानजी या मुख्य मंदिराचा आठवा प्रमुख. जन्म १४१५, मृत्यू १४९९. १४६५ मध्ये त्याचं क्योतोतलं मंदिर उद्ध्वस्त झालं, आणि ते करणारे कोण? हिएई डोंगरावरच्या एनर्याकुजी मठाचे हत्यारबंद भिक्षू. म्हणजे गेम आणि सिनेमांत आपण ज्यांना 'लढाऊ भिक्षू' म्हणून बघतो, ती जमात खरं तर यांची वैरी होती. इक्को-इक्कींच्या फौजेत पुजारी होते, पण बहुसंख्य माणसं साधी: शेतकरी, गावचे छोटे सामुराई, कोळी, व्यापारी, कारागीर.

१४७१ मध्ये रेन्न्यो उत्तरेकडे गेला आणि एचिझेन प्रांतात, कागाच्या हद्दीलगत, योशिझाकीला त्यानं तळ ठोकला. तिथून तो पत्रं लिहायचा. साध्या, बोलीच्या जवळच्या जपानीत. गावोगावी भक्तांच्या नियमित बैठका भरायच्या आणि तिथं ही पत्रं मोठ्यानं वाचली जायची. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते ऐकायचे. एकच मजकूर, शेकडो गावं, हजारो कान. आज आपण जे करतोय त्याची ही लांबची आत्याच म्हणा.

बैठकीला आलेला माणूस धर्माचं ऐकायचा, आणि मग शेजारच्याशी काय बोलायचा? शेतसाऱ्याचं, पाण्याच्या भांडणाचं, जमीनदाराच्या कारकुनाचं. भजनी मंडळ आणि गावसभा एकाच घोंगडीवर बसली होती. ताकद तिथून आली.

१४८८

कागाचा सुभेदार तोगाशी मासाचिका. त्याचं भावाशी भांडण होतं. १४७४ मध्ये त्यानं होंगानजीच्या भक्तांची मदत घेतली आणि जिंकला. काम झाल्यावर त्यालाच या लोकांची भीती वाटायला लागली. त्यानं त्यांना दाबायला सुरुवात केली. पुढे शोगुनच्या मोहिमेसाठी तो प्रांताबाहेर गेला. त्या मोहिमेचा खर्च बसला रयतेच्या डोक्यावर. कागा पेटला. मासाचिका धावत परत आला, ताकाओच्या किल्ल्यात अडकला, आणि १४८८ मध्ये किल्ला पडला तेव्हा त्यानं जीव दिला.

आता गेमच्या नियमानं पुढची पायरी काय? बंडाचा म्होरक्या दाइम्यो होणार. इथं तसं झालं नाही. त्यांनी तोगाशी घराण्यातलाच एक म्हातारा, यासुताका, नावापुरता सुभेदार म्हणून बसवला. कारभार मात्र चार परगण्यांतल्या संघांकडे, गावच्या पुढाऱ्यांकडे आणि मंदिरांकडे. 'शेतकऱ्यांच्या ताब्यातला देश' अशी कागाची ख्याती झाली, आणि हे जवळजवळ शंभर वर्षं टिकलं. जिथं भाऊ भावाला मारून गादी घेत होता, अशा काळात शंभर वर्षं.

आणि रेन्न्यो? तो खूश नव्हता. सुभेदाराशी वैर धरू नका, सारा भरा, हेच तो आधीपासून लिहीत होता. बंड वाढताना बघून १४७५ मध्येच तो योशिझाकी सोडून गेला होता. १४८८ नंतर शोगुननं दटावलं, कागाच्या लोकांना पंथातून काढ. रेन्न्योनं एक कानउघाडणीचं पत्र पाठवलं, पण काढलं कोणालाच नाही. ज्या माणसाच्या शब्दांवर हे सगळं उभं राहिलं, त्याला ते हवं होतं की नको होतं? मला वाटतं, त्याच्या हातातून ते केव्हाच सुटलं होतं.

हे काही रामराज्य नव्हतं

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सोशल मीडियावर 'जपानमधली पहिली लोकशाही' असलं काहीतरी फिरत असतं. तितकं सोपं नाही.

१५३१ मध्ये कागात आपापसातच युद्ध झालं. एका बाजूला प्रांतातली मोठी मंदिरं, ज्यांचा कारभार रेन्न्योच्याच मुला-नातवांकडे होता. दुसऱ्या बाजूला मुख्य होंगानजीची माणसं. मुख्य मंदिर जिंकलं. १५४६ मध्ये कानाझावाला नवीन मंदिर उभं राहिलं आणि प्रांताची सूत्रं तिथून हलायला लागली. सरदार गेला, पण वरून हुकूम यायचे ते यायचेच. फक्त पत्ता बदलला.

शिकवणीचंही तसंच. श्रद्धा ठेवलीत की मुक्ती मिळालीच, ती कर्मानं कमवावी लागत नाही, हा या पंथाचा गाभा. आणि होंगानजीच्या युद्धातलं एक निशाण आजही जपून ठेवलंय. त्यावरच्या मजकुराचा अर्थ असा की पुढे जाणाऱ्याला स्वर्ग, मागे फिरणाऱ्याला नरक. शिन्राननं हे वाचलं असतं तर काय म्हणाला असता? जी मुक्ती फुकट होती, तिची आता किंमत लागली होती: तुझा जीव.

जो कोणालाच भीत नव्हता, त्याची डोकेदुखी

दाइम्यो यांना घाबरायचे त्याला कारण होतं. १५६३-६४ मध्ये मिकावा प्रांतात तरुण इएयासूवर, म्हणजे पुढच्या पहिल्या तोकुगावा शोगुनवर, त्याचेच सरदार उलटले. होंदा मासानोबू, जो पुढे त्याचा सगळ्यात जवळचा सल्लागार झाला, तो तेव्हा इक्कीच्या बाजूनं लढत होता. विचार करा, तुमच्याच सैन्यातल्या अर्ध्या माणसांनी तुमच्यापेक्षा वेगळ्या कोणाला तरी आधी शब्द दिलेला आहे. सांगतात की तह करताना इएयासूनं वचन दिलं, मंदिरं पूर्वीसारखी ठेवीन. मग ती पाडली आणि म्हणाला, त्याच्याही पूर्वी इथं माळरानच होतं.

पण खरी झुंज ओदा नोबुनागाशी. होंगानजीचं मुख्य ठाणं तेव्हा ओसाकाला होतं, इशियामा होंगानजी. १५७० मध्ये अकरावा प्रमुख केन्न्यो यानं भक्तांना हत्यार उचलायला सांगितलं. युद्ध चाललं दहा वर्षं. साईका भागातले बंदूकवाले होंगानजीच्या बाजूनं होते. १५७६ च्या लढाईत नोबुनागाच्या पायाला गोळी लागली. मोरी घराण्याच्या आरमारानं समुद्रातून रसद पोचवली. ती वाट तोडायला नोबुनागानं कुकी योशिताकाकडून प्रचंड जहाजं बांधून घेतली आणि १५७८ मध्ये तो मार्ग बंद केला.

दुसरी आघाडी नागाशिमाची, नद्यांच्या मुखाशी असलेली बेटं. १५७० मध्ये तिथल्या इक्कीनं नोबुनागाच्या भावाचा जीव घेतला. १५७१ आणि १५७३ मध्ये तो तिथून हात हलवत परतला. १५७४ मध्ये त्यानं बेटं जमिनीवरून आणि पाण्यावरून घेरली. लोक भुकेनं मरायला लागले. शेवटी दोन गढ्यांभोवती कुंपण घातलं आणि आग लावली. आत होती बायका-मुलांसकट सुमारे २० हजार माणसं. हा आकडा शत्रूनं केलेला आरोप नाही. नोबुनागाच्याच पदरी असलेल्या, त्याचं चरित्र लिहिणाऱ्या ओता ग्युइचीनं तो नोंदवलाय.

१५८० मध्ये सम्राटाच्या मध्यस्थीनं केन्न्यो ओसाका सोडून गेला. मुलगा क्योन्यो आणखी काही महिने अडून बसला, मग तोही निघाला, आणि मंदिर आगीत गेलं. त्याच वर्षी कानाझावा पडलं. हाकुसान डोंगराच्या पायथ्याची शेवटची धुगधुगी १५८२ मध्ये विझवली गेली.

लिहिलं कोणी?

हे सगळं आपल्याला कळतं ते बहुतेक जिंकणाऱ्यांकडून. ग्युइची नोबुनागाचा माणूस. जेझुइट पाद्री लुईश फ्रोइश, ज्यानं नोबुनागाबद्दल भरभरून लिहिलं, तो या पंथाकडे प्रतिस्पर्धी म्हणूनच बघणार. हा फ्रोइश जपानला जाण्याआधी अनेक वर्षं आपल्या गोव्यात होता, पाद्री म्हणून दीक्षाही त्यानं १५६१ मध्ये तिथंच घेतली.

हरलेल्यांचे मंदिरांचे दस्तऐवज आहेत. पण गावच्या साध्या माणसाचं काय?

१९३२ मध्ये एचिझेनमधल्या कोमारू किल्ल्याच्या जागी एक कौल सापडलं. छपराचं साधं मातीचं कौल. त्यावर कोणीतरी अक्षरं कोरली होती. मजकूर असा: इक्की झाली, माएदानं हजारेक लोक जिवंत पकडले, कोणाला खांबावर चढवलं, कोणाला कढईत घालून मारलं. हे घडलं, म्हणून लिहून ठेवतोय. साल बहुतेक १५७६.

ना नाव, ना शाप, ना घोषणा. सत्तेच्या किल्ल्याच्या छपरासाठी केलेल्या कौलावर कोणीतरी हळूच लिहिलं आणि साडेतीनशे वर्षं ते मातीत राहिलं.

तो माएदा म्हणजे माएदा तोशीइए. १५८३ मध्ये तो कानाझावाला राहायला आला. आज पर्यटक बघतात तो कानाझावाचा किल्ला इक्कीच्या मंदिराच्या जागेवर आहे. ओसाकाचा प्रसिद्ध किल्ला हिदेयोशीनं इशियामा होंगानजीच्या जागेवर बांधला. आणि १५८८ मध्ये त्याच हिदेयोशीनं देशभर शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. कारण सांगितलं, लोखंड बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामाला लागेल. कागा पुन्हा घडू नये, ही त्यामागची भीती मला तरी स्पष्ट दिसते.

म्हणून पुढच्या वेळी गेममध्ये ही बाजू घ्याल तेव्हा खुशाल क्योतो जिंका, शोगुन व्हा. फक्त इतकं लक्षात असू द्या की खऱ्या कागातल्या लोकांना नकाशा रंगवायचा नव्हता. आपल्या भाताचा हिशोब आपणच ठेवायचा, एवढीच त्यांची मागणी होती. आणि ती मोडायला त्या काळातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला दहा वर्षं लागली.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर तुमच्या गेमिंगवाल्या मित्राला पाठवा, आणि इतिहासवाल्या मैत्रिणीलाही.